भागीरथी बिबडेवाली आणि कामगारांचा रकाना

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमच्या गल्लीमागे दोन रंगाई मिला आहेत. आठवड्याचे सहा दिवस त्यांच्या धुरांड्यांतून काजळी पडते. दोरीवर पांढरा सदरा वाळत घाला, संध्याकाळी ठिपक्याठिपक्यांचा होऊन घरात येतो. सोमवारी या मिलांना सुटी असते आणि म्हणून सोमवारीच भागीरथी बिबडे घालते. एवढी अक्कल तिला कुठल्या सरकारी प्रशिक्षणाने दिलेली नाही. सरकारी प्रशिक्षणाने काय दिलं आणि काय नेलं, ते मी लिहितो आहे. लिहिता लिहिता डोकं तापलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

बिबडे म्हणजे आमच्या खानदेशी ज्वारीचे पापड. पण उडदाच्या पापडासारखं लाटलं आणि झालं, असं ते काम नाही. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग भरडायची. सोमवारी पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, लाल मिरची घालून शिजवायची. त्याला घाटा म्हणतात. घाटा गरम आहे तोवर ओल्या लुगड्यावर हाताने थापायचा. निवला की तो दगड. म्हणून एकटीचं हे काम नाही. दहाबारा हात एका वेळी लागतात, तेही पोळून घ्यायला तयार असलेले.

ते हात सावडीचे. आज माझ्या घरी सगळ्या, पुढच्या सोमवारी तुझ्या घरी सगळ्या. जिचा सोमवार, तिची ज्वारी, तिचं पातेलं, माल तिचा. बाकीच्या दहाजणी नुसत्या हात लावायला येतात आणि वाटीभर घाटा कच्चं तेल घालून खाऊन घरी जातात. सावडीत मजुरी घेत नाहीत आणि देत तर मुळीच नाहीत. मयताला खांदा दिला म्हणून कोणी पैसे हातावर ठेवले तर कसं वाटेल, तसं ते वाटतं.

भागीरथी पारोळ्याकडची. सातवी शिकलेली, वय बत्तीस, अंगाने काटक आणि आवाज असा की लूमच्या खडखडाटात उभी राहून बोलली तरी पलीकडे ऐकू जावं. नवरा चिंधा रंगाई मिलमध्ये. त्याच्या हाताच्या रंगावरून यंदा कुठल्या साड्या चालल्यात ते गल्लीला कळतं. सावड आधीपासून होती, पण घरापुरती. जास्तीचा माल विकायचा, हे भागीरथीच्या डोक्यातून आलं. प्लेगच्या वर्षी सगळे गावी पळाले होते. परत आल्यावर खानावळी पुन्हा सुरू झाल्या, आणि आपली माणसं गावच्या चवीला किती आसुसली आहेत ते तिने बरोबर हेरलं. जिच्याकडे उरेल तिचा डबा घ्यायचा, त्याला ओळखीचा दोरा बांधायचा आणि उधना, भेस्तान, पार कडोदऱ्यापर्यंत खानावळीत पोचवायचा. जिच्या डब्याचे जे आले, ते तिचे. तिच्या पायपिटीबद्दल बायका तिच्या सोमवारी तासभर लवकर येत. संपला हिशोब.

अडत होतं एकाच गोष्टीपाशी, भरडण्यापाशी. गिरणीवाला ओली ज्वारी घेईना. "बेन, भीनी जुवार पत्थर को चोंटी जाती है," म्हणून डबा परत. ओलं धान्य दगडाला चिकटतं, असं. मग गल्लीतल्या शांताबाईंचं गावाहून आणलेलं एकच जातं, आणि त्यावर अकरा घरं. ओलं धान्य दळणारी छोटी मोटारची चक्की बाजारात येते, हे भागीरथीने कडोदऱ्याच्या एका खानावळीत पाहिलं. तिथे ती इडलीचं पीठ काढायला होती. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. "पंडितभाऊ, ती चक्की पाहिजे. बायांचे खांदे गेले हो," असं ती मला दर दोन दिवसांनी ऐकवायची.

मी म्हणजे रंगाई मिलमधून तोंडाळपणापायी काढून टाकलेला माणूस. रद्दीतली परिपत्रकं वाचून शहाणा झालो. गल्लीतल्या रेशनकार्डापासून वीजमीटरपर्यंत सगळे अर्ज माझ्या अक्षरात जातात. स्वयंरोजगाराची योजना मीच शोधून काढली. सरकारकडून कर्ज, थोडी सबसिडी आणि त्याआधी बारा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण, प्रमाणपत्रासह. मी छाती फुगवून तिला घेऊन गेलो.

प्रशिक्षणाला वीस जण. भागीरथी धरून तीन बाया. शिकवणारे साहेब इस्त्रीच्या कपड्यांतले आणि मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असते तर भांडायला बरं पडलं असतं. त्यांनी बारा दिवसांत लेटरहेड कसं छापायचं, व्हिजिटिंग कार्डावर काय लिहायचं, ग्राहकाशी हसून कसं बोलायचं ते शिकवलं. भागीरथीने सोमवारचं सांगितलं, काजळीचं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, बहेन, वर्षाला तीनशे दिवस काम दाखवावं लागेल, तुम्ही विजेवरचं ड्रायर बसवा. ऊन फुकट आहे, म्हणाली ती. ते म्हणाले, फुकटची गोष्ट प्रोजेक्ट रिपोर्टात धरता येत नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, उद्योजक म्हणजे जोखीम उचलणारा माणूस. भागीरथीने हात वर केला.

"साहेब, जोखीम अकरा जणींनी मिळून उचलली तर त्यांना काय म्हणायचं?"

साहेबांनी खडू खाली ठेवला. "वो सहकारी मंडली में आता है. उसका विभाग अलग है. यहाँ एक नाम चाहिए."

मी तिला बाहेर चहा पाजताना म्हटलं, बघ, प्रश्न विचारून कोणाचं भलं झालंय? एक नाव पाहिजे तर एक नाव दे. चक्की आली की मग वाटून घ्या की.

ती म्हणाली, "वाटून घेऊच. पण नाव माझं कसं? जातं शांताबाईंचं."

"शांताबाईंचं वय बसत नाही."

ती चहा संपवून वर्गात परत गेली. तिला चक्की पाहिजे होती. मला तर तिच्यापेक्षा जास्त पाहिजे होती, कारण गल्लीत मी आधीच सांगून बसलो होतो.

अर्ज भरायला बसलो तेव्हाची गोष्ट. माझ्या खोलीत, खाली चटई, पुढ्यात चार पानी फॉर्म. नाव, पत्ता, खोली नंबर चौदा, यंत्र कुठे बसवणार, सगळं सरळ चाललं होतं. मग आला रकाना: कामगारांची संख्या, नावे व मासिक वेतन.

"शून्य लिहा," भागीरथी म्हणाली.

"शून्य लिहिलं तर रोजगार निर्माण होत नाही. रोजगार नाही तर मंजुरी नाही. मी या लोकांना ओळखतो."

"पण मी कोणाला पगार देते?"

"कागदावर."

"आणि कागद कोणी वाचला तर?"

"सरकारी कागद कोणी वाचत नाही," मी म्हणालो. अशी वाक्यं मी फार ठणकावून बोलतो. आणि खाली दहा नावं लिहिली. एक, शांताबाई. दोन, कलाबाई. असं करत सगळी गल्ली. प्रत्येकीपुढे पाचशे. भागीरथी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग सही केली. तिची सही फार सुंदर आहे.

दोन महिन्यांनी पत्र आलं की मंगळवारी तपासणी. मी भागीरथीला तयार केलं. मंगळवारी चौघी-पाच जणी तुझ्या खोलीत बसव, पीठ चाळताना दिसू देत, विचारलं तर मान हलवू देत. सगळं ठरलं. आणि तपासणीचे साहेब, हे दुसरेच, आले सोमवारी. त्यांना म्हणे त्या बाजूला दुसरं काम निघालं होतं.

खोली नंबर चौदाला कुलूप. शेजारच्या पोरीने सांगितलं, बिबडे ना, ते आज शांताबाईंकडे आहेत.

शांताबाई गल्लीतली सगळ्यांत जुनी बाई. भागीरथी नवी नवरी म्हणून सुरतेत उतरली तेव्हा चिंधाला खोली मिळेपर्यंतचे पहिले आठ दिवस तिने शांताबाईंच्याच छपराखाली काढले. त्या दिवशी शांताबाईंचा सोमवार होता. अंगणात तीन खाटा, खाटांवर ओली लुगडी, मध्ये चुलीवरून नुकतंच उतरवलेलं पातेलं. अकराही जणींचे हात मनगटापर्यंत लाल. मी बातमी कळताच धावत पोचलो तेव्हा साहेब फाईल उघडून उभे होते.

"यहाँ मालिक कौन है?"

"मैं," शांताबाई म्हणाल्या. त्यात खोटं काय? सोमवार त्यांचा.

"आप भागीरथी?"

"वो?" शांताबाईंनी हनुवटीने दाखवलं. "वो तो आज मेरे यहाँ काम पे आयी है."

बाया हसल्या. भागीरथी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी कागद वाचायला सुरुवात केली. सरकारी कागद कोणी वाचत नाही म्हणणाऱ्या माझ्यासमोर, मोठ्याने, एकेक नाव.

"कामगार नंबर एक, शांताबाई. तनख्वाह पाँच सौ. नंबर दो, कलाबाई. पाँच सौ."

"आमाले कव्हय भेटनात पाचशे?" कलाबाईने शेजारणीला विचारलं. आम्हाला कधी मिळाले, असं. ती जीभ सोडूनच बोलते. दोघी-तिघी पुन्हा हसल्या, पण आता हसू जरा वेगळं होतं.

शांताबाईंनी हात पातेल्यावर निपटले. "मी तुन्ही मजूर शे का व, भागा?"

मी तुझी मजूर आहे का, एवढंच. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी मध्ये पडून काही करू शकलो असतो.

मी साहेबांना सांगितलं, बाया आहेत साहेब, थट्टा करतात, बुजतात. साहेब कंटाळले होते. उन्हात उभे होते. म्हणाले, इन सबके दस्तखत करवा दो कि यहाँ मजदूरी करती हैं, नहीं तो फाइल यहीं बंद. मग मी बायांकडे वळलो आणि अहिराणीत समजावलं, नुसता कागद आहे, चक्की सगळ्यांची होणार आहे, आता सही करा, शिव्या मला नंतर द्या.

कोणी हलेना. सगळ्या भागीरथीकडे बघत होत्या. ती पातेल्याकडे बघत होती. घाट्यावर साय धरायला लागली होती. शांताबाईंची पंधरा शेर ज्वारी, तीन दिवसांचं भिजवण, आणि अजून एक घटका गेली की सगळं फेकायचं.

"माय हो, सह्या करा," भागीरथी म्हणाली. "घाटा निवतोय."

मी आजही सांगतो, दुसरी कुठलीही बाई, दुसऱ्या कुठल्याही धंद्यातली, त्या जागी थोडा वेळ मागून घेती. उद्या या म्हणती. पण घाट्यापुढे या बायांना दुसरं काही दिसत नाही. शांताबाईंचा माल वाचवायला तिने शांताबाईंना मजूर ठरवलं. भराभर सह्या झाल्या. ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले, शाईच्या डबीची गरज पडली नाही, मिरचीचा लाल घाटा होताच. शांताबाईंनी सगळ्यांत शेवटी अंगठा दिला. साहेबांची जीप गेली. बाया थापायला बसल्या, आणि त्या दिवशी अंगणात कोणी गाणं म्हटलं नाही, कोणी कोणाच्या सासूची नक्कल केली नाही.

काम उरकल्यावर शांताबाईंनी नेहमीसारख्या वाट्या भरल्या, वर तेल घातलं. भागीरथीपुढे वाटी ठेवली, आणि वाटीखाली वीस रुपयांची नोट.

"हे काय?"

"मजुरी. मीपण ठेवते माणसं कामाला."

भागीरथीने नोट उंबऱ्यावर ठेवली, घाटा तसाच सोडला आणि गेली.

चक्की आली. निळ्या रंगाची, वर स्टीलचा डबा, छान यंत्र. भागीरथीने तिला कुंकू लावलं आणि पहिल्याच रविवारी हातलारीवर चढवून शांताबाईंच्या दाराशी नेली. तिने मनाशी ठरवलं होतं की चक्कीसुद्धा सावडीनेच फिरेल. जिचा सोमवार, चक्की आदल्या दिवशी तिच्या घरी. यापेक्षा सरळ माफी मी तरी कोणाला मागताना पाहिलेली नाही.

शांताबाई दारात उभ्या राहिल्या. "मालकाचं यंत्र मजुराच्या घरात कशाला?" म्हणाल्या, आणि आत जाऊन जात्यावर बसल्या. जात्याचा आवाज सुरू झाला तसा लारीवाला भागीरथीला म्हणाला, चलो बेन, दूसरा घर बताओ.

बाकीच्या घरांनी मात्र चक्की घेतली. चार रविवार ती गल्लीत फिरली. कलाबाई तिला सून म्हणायची. दर आठवड्याला नव्या सासरी जाते म्हणून. बायांचे खांदे सुटले, माल दुप्पट निघाला, भागीरथीने पुढच्या सचिन गावातली दोन नवी गिऱ्हाइकं धरली. त्या महिन्यात शांताबाईही येतील, असं मला वाटायला लागलं होतं. थोडं हसून बोलणं सुरू झालं होतं त्यांच्यात, नळावर.

मग दुसरी तपासणी. खोली नंबर चौदामध्ये चक्की नाही. नोटीस आली: मंजूर जागेवर यंत्र आढळून आले नाही, पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा सबसिडी रद्द व कर्ज एकरकमी वसूल.

मी कचेरीत गेलो आणि जे भांडलो ते अजून तिथल्या शिपायाला आठवतं. मी म्हणालो, यंत्र चोरीला गेलं नाही, भंगारात विकलं नाही, अकरा घरांत रोजगार देत फिरतंय, तुमच्याच योजनेचं नाव काढतंय. तपासणीच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आज गल्ली में फिरता है, कल सूरत के बाहर फिर जाएगा. तब मैं किसको पकडूँ?" मग फाईलमधून आमचाच अर्ज काढून माझ्यापुढे सरकवला. "आपने खुद लिखा है. मालिक एक, मशीन एक, जगह एक, मजदूर दस. अब मशीन मजदूरों के घर क्यों घूमे?"

  मी टेबलावर हात आपटून बाहेर आलो आणि जिना उतरताना सरकारला दिलेल्या सगळ्या शिव्या खाली पोचेपर्यंत संपल्या.

भागीरथीने चौदा नंबरात सिमेंटचा ओटा घातला. चार बोल्टांनी चक्की घट्ट बसवली. त्याचा फोटो जोडावा लागतो, तोही काढला, ती चक्कीशेजारी पदर सावरून उभी आहे असा. आता गल्लीने ज्वारी घेऊन तिच्या दाराशी यायचं. आल्याही. डबे घेऊन पायरीवर बसायच्या, आणि कोणीतरी थट्टेत म्हणायचं, मालकीणबाई, मना नंबर कव्हय? माझा नंबर कधी, असं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. तिसऱ्यांदा एक जण उठून निघून गेली. दुसऱ्याच्या पायरीवर ताटकळत बसायचं, तर मग सावड कसली? पावसाळ्याआधी अकराच्या सात झाल्या. दिवाळीनंतर सोमवार असा राहिलाच नाही. शांताबाई एकट्याच जात्यावर घरापुरतं दळतात, सुनेला हाताशी घेऊन.

शेवटी कलाबाईनेच स्पष्ट विचारलं, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "भागा, मी पाचशेवर सही तर कधीचीच केलीय. मग दे ना खरे."

आधी भागीरथीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "ये उद्यापासून." कर्जाचे हप्ते होते, खानावळीवाले माल मागत होते, हात तर पाहिजेत. कलाबाई आणि भेस्तानची एक बाई, अशा दोघी आता रोज नऊ वाजता येतात आणि पाचला जातात. घराच्या मागे ताडपत्री बांधून, काजळी चुकवत काम चालतं. फॉर्मात मी जे खोटं लिहिलं होतं, ते असं एकेक करून खरं झालं.

यंदा जानेवारीत प्रशिक्षणाच्या त्याच साहेबांनी भागीरथीला नव्या तुकडीपुढे बोलायला बोलावलं. यशस्वी महिला उद्योजक म्हणून. तिने नको म्हटलं होतं, पण हप्त्यांची तारीख पुढे ढकलायचा अर्ज त्याच कचेरीत पडून होता, म्हणून गेली. मीही गेलो, मागच्या बाकावर बसलो. ती चार वाक्यं बोलली. वेळेवर माल द्या, तेल चांगलं वापरा, असली. मग एका मुलीने गुजरातीत विचारलं, बहेन, तुमच्याकडे किती जण कामाला आहेत?

"दोन," भागीरथी म्हणाली.

"आणि योजना घ्यायच्या आधी?"

"आधी एकही नव्हती. आम्ही अकरा जणी होतो."

मुलीला काही कळलं नाही. साहेबांना वाटलं बाई बोलताना गडबडली. ते हसले, खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: रोजगार, शून्यापासून दोन. मग स्वतःच टाळ्या सुरू केल्या. वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडाशी शिवी आली होती, ती मी गिळली. तो रकाना माझ्या अक्षरात भरलेला आहे.